अर्ध्या किलोत सात ताटं!

बातमी पक्की आहे. दोन घरी खातरजमा करूनच तोंड उघडतेय. पाटणी चौकाच्या मागच्या अंगाला ज्यांचं तीन पिढ्यांचं घर आहे, ज्यांच्या दारात एके काळी पंगतीला बोकड कमी पडला म्हणून रात्री दुसरा आणवला होता, त्या घरच्या मोठ्या वहिनींनी परवा बुधवारी अर्धा किलो चिकन आणलं. अर्धा किलो! घरात खाणारी तोंडं सात. पाहुणा नाही, जावई नाही, नवस नाही, कुणाचा वाढदिवस नाही. नुसता बुधवार. आणि आणलं तेही काळ्या पिशवीत दडवून नाही; भाजीच्या थैलीत, मेथीच्या जुडीला टेकवून, उजळ माथ्यानं. शेजारणीनं हटकलं तर म्हणतात कशा, "अवो, पोरं म्हनत होते, म्हनून साधंच केलं."

ऐकलंत? साधंच केलं म्हणे.

ज्या गावात वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेनं राजधानी थाटली, ज्या गावानं १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळं होऊन आपला जिल्हा मिळवला, त्या वाशिमला अर्ध्या किलोवर यायची पाळी यावी? बरं, हे एका घरापुरतं असतं तर मी पदर तोंडाला लावून गप्प बसले असते. पण लोण रिसोडला गेलंय, मंगरूळपीरला पोचलंय, मानोऱ्याच्या बाजूनं माझी मावसबहीण सांगते की तिकडे तर पाव किलोपर्यंत मजल गेली. पाव किलो मागायला पूर्वी माणूस 'कुत्र्यासाठी पायजे' असं सांगायचा. आता सांगतात, "आज दोघंच आहोत."

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. ज्याला आपल्याकडची रीत ठाऊक नाही तोच असं म्हणेल. वऱ्हाडात कोंबडी कापायला कारण लागायचं. जावई आला, वावरात सोंगणीला माणसं होती, आखाडाचा शेवटचा रविवार होता, देवीचं देणं राहिलं होतं, असं काहीतरी. सकाळी आजी नुसत्या नजरेनं कोंबडा नेमून द्यायची. अंड्यावरच्या कोंबडीला हात लावायचा नाही, हा कायदा. मग पोट्टे त्याच्या मागं उकिरड्यापासून बाभळीपर्यंत. चूल अंगणात, तीन दगडांची. गंज जर्मनचा, वेगळा, गोठ्याच्या कोपऱ्यात वर्षभर उपडा पडलेला. स्वयंपाकघराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. बायांनी पाट्यावर कांदा, खोबरं, खसखस, धने वाटून द्यायचे, आणि ज्या बाप्यानं उभ्या आयुष्यात पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही, त्यानं धोतर खोचून गंज ढवळायचा. गावरान कोंबडा शिजायला तास-दीड तास. तेवढ्यात सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल चुलीपाशीच लागून जायचा.

मग पंगत. तंगड्या जावयाच्या आणि थोरल्या लेकाच्या. कलेजी तर रांधणाऱ्यानं मीठ पाहायच्या नावाखाली गंजावरच संपवलेली. बाया शेवटी बसायच्या. त्यांच्या वाट्याला मान, पंखाचं टोक आणि वरची तर्री उतरून गेलेला रस्सा. भाकर चुरता चुरता म्हणायच्या, आम्हाला बाई रस्साच आवडतो. (या वाक्यावर मी अजूनही विश्वास ठेवलेला नाही.)

एवढी सगळी व्यवस्था कुणी मोडली? पाच लिटरच्या कुकरनं. आणि कुकर तरी वेगळा असावा की नाही! ज्यात सोमवारी उपासाचे बटाटे उकडले, मंगळवारी वरण लावलं, त्यातच बुधवारी चिकन. वहिनींच्या सासूबाईंनी पहिल्या वेळी त्या स्वयंपाकघरातला चहा सोडला होता. चांगल्या दोन दिवस बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून बसल्या. तिसऱ्या दिवशी नातवाला हळूच विचारलं, "कारे, मऊ शिजते का थे?" गावरान त्यांच्या दातांनी सोडून दिलेलं; बॉयलर मात्र ओठांनी तुटतं. आता दर आठवड्याला त्याच आठवण करतात, तीही अशी की ऐकणाऱ्याला वाटावं औषधाचं विचारताहेत.

पुसद नाक्याकडच्या एका चिकनच्या दुकानासमोर मी परवा उभी होते. चिकन घ्यायला नव्हे, बरं का. हळद घ्यायला गेले होते, किराणा नेमका समोर पडतो. तिथं आमचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, अर्ध्या तालुक्याला त्रैराशिक शिकवलेलं. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. दुकानदाराला सांगत होते, "पाऊण किलो. बारीक कर. बारीक म्हणजे बारीक, मागच्या खेपेसारखं नाही." दुकानदार म्हणाला, गुरुजी, अजून बारीक केलं तर खिमा होईल. पण गुरुजींचं गणित पक्कं आहे. अर्ध्या किलोचे मोठे तुकडे केले तर आठ-नऊ होतात. बारीक केले तर पंधरा-सोळा. वजन तेच, पण ताटात दोन पडले की माणूस भांडत नाही.

पुढचं ऐका. "मान अन् पाठ माझीच टाक, बदलू नको. छाती थोडी कमी चालते." मी हळदीचे पैसे द्यायचे विसरले. छाती कमी! शहरातले लोक बिनहाडाच्या छातीला जास्तीचे पैसे मोजतात आणि आमचे गुरुजी ती परत करतात. पण खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर आहे. रश्श्याला चव येते ती हाडाची. मान, पाठ, पंख हा माल उकळीला मोकळा होतो आणि पाण्याचा रस्सा करतो; छाती नुसती पांढरी होऊन बसते. शिवाय गुरुजी पाटीवरचे दोन्ही भाव वाचतात, जिवंतचा आणि कटिंगचा. दोन किलोचा जिवंत पक्षी सोलून, साफ करून सव्वा ते दीड किलोच्या आत येतो. त्यामुळे जिवंतचा भाव पाहून 'वा, स्वस्त झालं' म्हणणारे घरी येऊन हिशेब करतात आणि बायकोवर चिडतात. सालीसकट घेतलं तर वजनात भरतं आणि साल कढईत आधी टाकली की तिचंच तेल सुटतं, हेही गुरुजींनी तिथं उभ्या उभ्या दोन गिऱ्हाइकांना शिकवलं. निघताना कलेजी-पोटा वेगळा बांधून घेतला. "हे माझ्यासाठी नाही, काकूंना रक्त कमी आहे." काकू भजनाला जातात हो, त्यांना कुणी विचारणार आहे का!

दुकानदार खूश आहे हे वेगळं सांगायला नको. मटण सातशे-आठशेच्या घरात जाऊन बसलंय. मटणवाल्याच्या दुकानापुढे माणूस आता चप्पल काढल्यासारखा अदबीनं उभा राहतो. चिकन दोनशे-अडीचशेच्या आसपास वरखाली होतं. पूर्वी चिकनवाल्याकडे रविवारी रांग आणि सहा दिवस माश्या. आता रविवारची रांग तेवढीच, पण मंगळवार-बुधवार-शुक्रवारीही पाव-अर्ध्याची गिऱ्हाइकं येत राहतात. सोमवार, गुरुवार, शनिवार अजून धर्म शाबूत आहे. बहुतेक.

आता कृती. वहिनींनी मला सांगितली नाही, मी त्यांच्या धाकट्या जाऊबाईंकडून काढली. अर्धा किलो धुऊन त्याला हळद, मीठ, आलं-लसूण आणि दोन चमचे दही लावून अर्धा तास ठेवायचं. इथवर ठीक. वाटणात मात्र खसखस नाही! वऱ्हाडी रस्सा आणि खसखस नाही! विचारलं तर म्हणे, खसखशीचा भाव पाहिला का? त्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे, थोडे तीळ, आणि खोबऱ्याचा दोन बोटं तुकडा गॅसवर काळा होईस्तोवर भाजून. तीन कांदे उभे चिरून मंद आचेवर चांगले लाल. इथं घाई केली की रस्सा कच्चा लागतो; गॅस वाचवायचा तो पुढं, इथं नाही. मग वाटण, तिखट, धनेपूड, घरचा काळा मसाला, आणि तेल कडेनं सुटेपर्यंत परतणं. मग चिकन. मग पाणी, पण कसं? उकळतं. गार पाणी ओतलं की तर्री बसते, ती पुन्हा वर येत नाही आणि रस्सा आजाऱ्याच्या सुपासारखा दिसतो. उकळतं पाणी घातलं तर दोन पळ्या तेलातही वर लाल तवंग उभा राहतो. जाऊबाई म्हणाल्या, "तर्री दिसली की माणूस पीस मोजत नाई." त्यावर कुकर लावून दोन शिट्ट्या. तिसरी झाली तर बॉयलर हाड सोडतं, आणि मग सात ताटांत काय वाढायचं याचा प्रश्न आणखी बिकट होतो.

बटाटे दोन, प्रत्येकी चार फोडी. हे मी मनाची तयारी करून ऐकलं. चिकनमध्ये बटाटा बंगालात घालतात म्हणे, आपणही घालू. पण त्यानंतर जाऊबाईंचा आवाज खाली गेला. दार अर्धं लोटलं. म्हणाल्या, "अन् सोयावडी."

मी उठून उभी राहिले.

सोयाबीनच्या वड्या! गरम पाण्यात भिजवायच्या, दोनदा घट्ट पिळायच्या, त्या वासाचं पाणी फेकून द्यायचं, आणि मग त्या तर्रीत अशा मुरवायच्या की अंधाऱ्या बल्बखाली कुठली वडी नि कुठला पीस, हे घास तोंडात गेल्याशिवाय कळू नये. ताटात पाच तुकडे पडतात. त्यातले दोन कोंबडीचे. उरलेल्या तिघांचं कूळ विचारायचं नाही.

ही बातमी मी माझ्या चुलतदिरांना सांगितली. ते ओसरीवर बसून होते, मागच्या हंगामाचं सोयाबीन अजून घरातच, पोत्यांची थप्पी छताला लागलेली. मला वाटलं चिडतील. ते हसले. "काऊन, त्यात काय वाईट हाय? कोंबडी बी सोयाबीनच खाते. आपन जे इकलं थेच पंख लावून वापस येऊन रायलं."

बोलणं चेष्टेचं, पण माणूस चुकीचं काही बोलला नाही. बॉयलरच्या खाद्यात दोन गोष्टी मुख्य, मका आणि सोयापेंड. सोयाबीनचं तेल काढून झालं की जी पेंड उरते, त्यातलं प्रोटीन खाऊन पिल्लू चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन किलोचं होतं. किलोभर वजन धरायला त्याला दीड-पावणेदोन किलो खाद्य पुरतं. आपल्या आजीचा कोंबडा वर्षभर उकिरडा उकरून जे साधत नव्हता, ते हे पोर दीड महिन्यात साधतं. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, तिथून या पक्ष्याचा कारखाना सुरू झाला, आणि आज देशातल्या मांसापैकी निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या कोंबडीचा आहे. आणि वाशिम जिल्हा पेरतो काय? खरिपात पाहावं तिकडे सोयाबीन. म्हणजे आपल्या घरी जे दोन शिट्ट्यांत शिजतं, त्याचा निम्मा संसार आपल्याच वावरातून गेलेला.

यातली खरी भानगड २०२१ ची. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. माझ्या दिरांनी मोटारसायकल बदलायचं ठरवलं होतं. इकडे कोंबडीवाले ओरडू लागले, पेंड परवडत नाही. मग ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. आपल्याकडे जे बियाणं पेरायला बंदी, त्याची पेंड कोंबड्यांना चालते! नवं पीक मोंढ्यावर यायच्या सुमाराला भाव निम्म्यावर. दिरांची मोटारसायकल जुनीच राहिली. पुढे २०२४ च्या हंगामात सरकारचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास रडारड. २०२५ साठी हमीभाव ५,३२८ केला. कागदावर छानच दिसतो. तर सांगायचं म्हणजे, सोयाबीन महाग झालं की चिकन महाग होतं आणि सोयाबीन पडलं की चिकन परवडतं. त्यामुळे दीर ज्या वर्षी तोट्यात, त्या वर्षी त्यांच्या ताटात रस्सा जास्त. हा हिशेब त्यांनी स्वतः मला करून दाखवला, आणि मग विचारलं, "आज केलं का कोनी?"

बरं, चर्चा भरकटली. पंचांगाचं राहिलंच. बाई, पंचांगाचे तर तीनतेरा झालेत. श्रावण पाळतात अजून, ते मान्य करायला हवं. पण कसा पाळतात? श्रावण लागायच्या आदल्या रात्री अख्ख्या वाशिममधून एकच वास, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना बेगड लावता लावता गडी माणसं दुसऱ्या दिवसाच्या ऑर्डरी देत असतात. पोळ्याला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी काय शिजतं ते विदर्भात कुणाला सांगायला नको. पण खिडकी किती? भाद्रपदाची प्रतिपदा आणि द्वितीया. तिसऱ्या दिवशी हरतालिका, चौथ्या दिवशी गणपती दारात. पूर्वी महिन्याभराचा अनुशेष या दोन दिवसांत मटणानं भरून काढायचे. मग गणपतीच्या दिवशी बाप्ये ताक पिऊन आडवे. आता करीला सुद्धा किलो-दीड किलो चिकन आणि वर म्हणतात, "पोटाला हलकं." पोटाला कसलं, खिशाला.

आणि शेजार! कारंज्याला माझी नणंद राहते. वर जैन कुटुंब, खाली हे. शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं एवढं मोठं देवस्थान, कारंज्यात जैनांची जुनी ग्रंथभांडारं, शिवाय गुरुमंदिर. सगळा सोवळा टापू. पूर्वी अंगणात चूल पेटली की सगळ्यांना कळायचं आणि सगळे खिडक्या लावून घ्यायचे, प्रश्न मिटला. आता कुकर आतल्या आत आणि एक्झॉस्ट फॅन वरच्यांच्या गॅलरीत उघडतो. वरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "काय केलं होतं आज, खमंग वास येत होता." नणंद म्हणाली, "लसणाची चटणी." तेव्हापासून वरच्या काकू दर बुधवारी म्हणतात, तुमच्याकडे चटणी फार होते हो. समजून घेण्यात त्या आपल्या सगळ्यांच्या वरताण आहेत.

कंजुषीनं मांस शिजवणं यात नवीन काही नाही, असंही एक मत आमच्या गल्लीत आहे. लायब्ररीत जाणाऱ्या एका मुलीनं ते मांडलं. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आलं, मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्यावर. ते वाचून ती म्हणाली, मावशी, ज्यांना कधी पोटभर मिळालंच नाही त्यांनी थोड्यात भागवायची सगळी अक्कल कधीच शोधून ठेवली होती, तुम्ही आता शोधल्यासारखं काय करता? मी म्हटलं, आम्ही शोधलं असं कुठं म्हणतो, आम्ही फक्त लाजतोय. ती म्हणाली, तेच. पोरगी शिकून शेफारली. पण रात्री बराच वेळ मला दुसरं काही सुचलं नाही.

अफवांच्या काळात तर या अर्ध्या किलोवाल्यांनी कहर केला. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा आपल्याकडे चिकनच्या नावानं लोक हात धुवायचे. २०२० मध्ये कोरोना येतोय येतोय म्हणत असताना कुणीतरी फोनवर पसरवलं की तो कोंबडीतून येतो. भाव असे कोसळले की कोंबडीवाल्यांना पिल्लं फुकट वाटायची वेळ आली. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, पुन्हा तेच. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तर आपल्याच कारंजा तालुक्यात, खेर्ड्याला, सहा हजारांवर कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लू निघाला. आता संकट शिवेवर आल्यावर माणूस घाबरेल की नाही? आमच्या गल्लीत आठ दिवस अंडंसुद्धा कुणी आणलं नाही. उघडपणे. पण कोण कुठल्या गाडीवरून काय घेऊन आलं ते माझ्या गच्चीवरून दिसतं. ७० अंशांच्या वर नीट शिजवलं की विषाणू उरत नाही, हे तेव्हा वर्तमानपत्रात छापून यायचं. वहिनींनी ते कात्रण कापून फ्रिजवर लावलं होतं. म्हणाल्या, "सत्तर मागतात, आपला कुकर शंभराच्या वर देतो." आणि भाव पडलेलाच होता.

अर्ध्या किलोचं हे खूळ आलं कुठून, यावरही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो फोनमधून. दुसरा म्हणतो पुण्यातून, आणि माझं मत या दुसऱ्याला. आपली पोरं ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात, चाकणला, हिंजवडीला, चौघांत एक रूम, रूमवर एक इंडक्शन. आईनं काळा मसाला डब्यात बांधून दिलेला असतो. मेसला कंटाळली की अर्धा किलो आणून शिजवतात. कांदा कोण चिरणार यावर मारामारी, म्हणून कांदाच कमी. मिक्सर नाही म्हणून वाटण नाही. दही, तिखट, मसाला, झाकण. आणि मग दिवाळीला घरी येऊन आईला शिकवतात! वहिनींचा धाकटा आला आणि त्यानं तव्यावर ठेचा चिकन केलं. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ खलबत्त्यात भरड कुटले, तेलावर चिकन वाफवून कोरडं केलं, वरून ठेचा आणि कोथिंबीर. वीस मिनिटं! आईच्या डोळ्यांत पाणी. मिरचीच्या खकाण्यानं, पण आम्ही कौतुकानं असं धरून चाललो. त्याच्या बापानं मात्र अबोला धरला. वावरातल्या पार्टीत गंज ढवळायचा मान गावात त्यांचा. पोरानं स्वयंपाकघरात जाऊन, गॅसवर, चहाच्या गाळणीशेजारी तो घालवला.

त्यात दुसऱ्या दिवशीचे प्रकार वेगळेच. उरलेल्या रश्शात अंडी सोडायची. त्यातूनही उरला तर तांदूळ लावून पुलाव. त्यातूनही ताटलीभर राहिला तर सकाळी शिळी भाकर कुस्करून. एका अर्ध्या किलोचे हे चार अवतार. गुरुजी म्हणतात पाचवाही आहे, पण तो सांगत नाहीत.

तर आता मुख्य भानगड. मागच्या रविवारी वहिनींकडे व्याही आले. मालेगाव तालुक्यातले मोठे शेतकरी, चाळीस एकराची धनी माणसं, पगडी जपणारी. सांगून आले असते तर मटण झालं असतं, पण समृद्धी महामार्गावरून परत येताना शेलूबाजारला उतरले आणि म्हणाले चला, लेकीला पाहून जाऊ. घरात होतं काय? अर्धा किलो. शिजलेलं. त्यात दोन माणसं वाढलेली. मला कळलं तेव्हा माझ्याच हाताला घाम फुटला. वहिनींनी शांतपणे रश्शात आणखी एक तांब्या उकळतं पाणी घातलं, चमचाभर बेसन भाजून लावलं, आणि वड्यांची वाटी काठोकाठ भिजवली. कोंबडीच्या तंगड्या दोन. एक व्याह्यांना, एक विहीणबाईंना. विहीणबाईंना! अख्ख्या खानदानात पहिल्यांदा बाईच्या ताटात तंगडी पडली असेल. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग उचलली.

व्याही जेवले. भाकरी चुरून, तर्री वरून घेऊन, घाम पुसत जेवले. आणि वहिनी पुन्हा वाढायला आल्या तेव्हा म्हणाले, "थे मऊ पीस हायेत ना, थेच द्या." ज्या माणसाच्या घरी सोयाबीनची दोनशे पोती भाव येईल म्हणून पडून आहेत, तो माणूस सोयावडी मागून मागून खात होता. जाऊबाई पाण्याचं निमित्त करून आत गेल्या त्या बाहेरच आल्या नाहीत. व्याही हात धुताना म्हणाले, कोंबडं कुठलं होतं, गावरान दिसतं.

निघताना विहीणबाईंनी कृती विचारली. वहिनींनी सांगितली. दही सांगितलं, शेंगदाणे सांगितले, खोबरं किती भाजायचं ते सांगितलं, पाणी उकळतंच घाला असं दोनदा बजावलं. एक जिन्नस तेवढा राहून गेला.

काल तिकडून फोन आला. मी तिथंच होते, डाळीचं पीठ मागायला गेले होते. विहीणबाई म्हणत होत्या, चांगलं किलोभर आणून केलं, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण हे ताटावरून उठले, म्हणतात तिकडल्यासारखं नाही झालं. वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "किलोभर? अवो, तिथंच तर चुकते तुमचं. अर्धाच घेत जा."